आसारी धरणारे

पतंग उडवणाऱ्याचं चित्र काढायला सांगा. एक पोरगा, एक दोरा आणि वर एक चौकोन काढून माणूस मोकळा होतो. त्या पोराच्या मागे चार पावलांवर आसारी, म्हणजे दोरा गुंडाळलेली फिरकी, धरून जे कुणी उभं असतं, ते चित्रात कधी येत नाही. ते बहुधा धाकटं भावंड असतं. आमच्या वडगावात तरी बहीणच असायची.

बेळगावात पतंगाचा मुहूर्त वारं काढतं. पावसाळाभर जांबोटीकडून जे वारं सुटतं त्यात छत्री टिकत नाही, तिथं कागदाची काय कथा! दिवाळी सरते, वारं फिरून पूर्वेकडून यायला लागतं, येळ्ळूरच्या शिवारातलं भात खळ्यावर जातं, आणि मग आभाळ पोरांचं होतं. जमीन तेवढी होत नाही. भात निघालेल्या वाफ्यांत मसूर-वाटाणा पेरलेला असतो, आणि कटलेल्या पतंगामागे त्यातून धावणाऱ्याला शेतकरी दोन्ही भाषांतल्या शिव्या मोजून देतो.

आसारी धरायला अक्कल लागत नाही, असा उडवणाऱ्यांचा समज असतो. आपल्या लढाऊ पतंगाला शेपूट नसते. दोरा खेचला की वाऱ्याच्या दाबानं आडवी कामटी मागे वाकते, कागदाला मधोमध कणा आल्यासारखं होतं आणि पतंग नाकासमोर सुसाट सुटतो. ढील दिली की तोच पतंग सपाट होऊन गिरक्या घ्यायला लागतो. म्हणजे दिशा बदलायची ती ढिलीवर, आणि ढील येते आसारीतून. दांड्याची दोन्ही टोकं तळव्यांत सैल धरायची. आसारी भिरभिरली पाहिजे, पण दोरा ओघळून पायाशी साचता कामा नये. पेच लागला की भाऊ मागे न बघता ओरडायचा, "सोड की गे!" शेजारच्या गच्चीवरून कन्नडमधून तोच गजर, "बिडु, बिडु!" तिथंही मागे एक बहीण उभी असायचीच. पतंग कटला तर आसारी अडली म्हणून. दुसऱ्याचा कापला तर मांजा भारी होता म्हणून.

मोठ्या लोकांच्या गोष्टींतही हेच. १७५२ साली वादळात पतंग सोडून बेंजामिन फ्रँकलिननं वीज जोखली, हे आपण शाळेत शिकतो. त्याच्या मदतीला मुलगा विल्यम होता. चांगला विशीचा तरुण, पण नंतरच्या चित्रकारांनी त्याला वडिलांच्या कोटाआड उभं राहिलेलं लहान पोर करून टाकलं. १२ डिसेंबर १९०१ ला न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनीनं अटलांटिकपलीकडून आलेला संदेश ऐकला. एरियलची तार सुमारे ५०० फूट उंच नेली होती पतंगानं, आणि त्या बोचऱ्या वाऱ्यात केम्प आणि पॅजेट हे त्याचे दोन सहायक त्या पतंगाशी झुंजत होते. मार्कोनी आत, कानाला रिसीव्हर लावून. ही वाटणी मला फार ओळखीची वाटते.

नामदेवांचं एक पद गुरू ग्रंथ साहिबात आहे. त्यात मुलगा कागद आणतो, कापून पतंग करतो, आकाशात सोडतो. पाच जणांशी गप्पा मारतो, पण चित्त दोरीवर ठेवतो. देवाकडे लक्ष कसं असावं, ते सांगायला नामदेवांना पतंग आठवला, याचं मला भारी कौतुक आहे. फक्त त्या पाचांतल्या एकाच्या हातात आसारी होती का, एवढं कळायला हवं होतं.

आसारीवाल्यांचा मान राखणारे देशही आहेत. जपानात हमामात्सूला ३ ते ५ मे या दिवसांत घरातल्या पहिल्या बाळाच्या नावानं पतंग चढवतात. पतंग एवढे थोरले की जाड दोर ओढायला आख्खी गल्ली लागते, आणि दोरावर दोर घासून पेच होतात. बालीतल्या जांगान पतंगाची शेपूट शंभर मीटरच्याही पुढे जाते. ती सांभाळत नेणाऱ्यांची रांगच असते. ग्वाटेमालात सुंपांगो आणि सांतियागो साकातेपेकेस या गावांत बांबू आणि पातळ कागदाचे प्रचंड गोल पतंग १ नोव्हेंबरला पितरांच्या आठवणीत उभे करतात. त्या कलेला २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. सर्वांत मोठे पतंग उडत नाहीत, नुसते दोरांनी तोलून धरतात, म्हणजे तिथं सगळेच आसारीवाले. (१ नोव्हेंबरला आमच्या बेळगावात एकीकडे राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी. आभाळाकडे बघायला त्या दिवशी कुणाला सवड नसते.)

नायलॉनच्या मांज्यानं मात्र या खेळाची रया घालवली. सुती दोरा ताणला की तुटतो; हा तुटत नाही, झाडात अडकून राहतो आणि पाखरांच्या पंखांत, दुचाकीवाल्याच्या गळ्यात रुततो. राष्ट्रीय हरित लवादानं जुलै २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. तरी संक्रांतीच्या आधी तो कुठून तरी येतोच. पोरांना दटावायचं आणि दुकानदाराकडे काणाडोळा करायचा, हा आपला बंदोबस्त.

जानेवारीत बेळगावला आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो. वाऱ्यानं फुगणारे मासे, ऑक्टोपस आभाळात लोळत असतात. त्यांचा दोर खाली पक्का बांधून ठेवलेला; उडवणारा खुशाल चहा पीत बसतो. मैदानाच्या कडेला साध्या कागदी पतंगांची गर्दी असते, मी तिकडेच रमते. गेल्या खेपेला भाऊ आणि भाची बरोबर होते. भाचीनं पतंगाला कन्नी स्वतः बांधली आणि आसारी बापाच्या हातात दिली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी शेंगा सोलत होते. पहिल्याच ढिलीला दोरा त्याच्या चपलेत गुंतला.

"पप्पा, साधी आसारी धरायला येत नाही तुम्हाला?" भाची म्हणाली, तीही मागे न बघता.