सव्वीस लाख नावांचं झाकण

गुरूच्या युरोपा या चंद्राकडे निघालेल्या युरोपा क्लिपर यानावर 26 लाखांहून जास्त लोकांनी नोंदवलेली नावं आहेत. भांड्यावर नाव घालतात तशीच कोरलेली, फक्त इलेक्ट्रॉनच्या झोताने. प्रत्येक ओळ केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक, म्हणून सगळी नावं एका छोट्या चिपवर मावली.

ती चिप बसवलीय टँटलम या धातूच्या तिकोनी पत्र्यावर. पत्रा 1 मिमी जाड, साधारण 18 बाय 28 सेंमी. हा पत्रा शोभेचा नाही, हे मला फार आवडतं. यानाची इलेक्ट्रॉनिक्स ज्या तिजोरीत आहे, तिच्या एका तोंडावरचं ते झाकण आहे. नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला हे कळायला हवं.

तिजोरी लागते, कारण गुरूचं चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कण धरून ठेवतं आणि युरोपा नेमका त्या कणांच्या माऱ्यात फिरतो. तिजोरीच्या भिंती अ‍ॅल्युमिनियम-जस्ताच्या, 9.2 मिमी जाडीच्या. तरी थोडा मारा आत पोचतोच. ट्रान्झिस्टर म्हणजे इलेक्ट्रॉनिक्समधले बारीक स्विच. त्यांच्यातल्या ऑक्साइडच्या थरात विद्युतभार अडकत जातो, आणि मग बंद असायला हवा तो स्विच गळायला लागतो. मे 2024 मध्ये, उड्डाणाला जेमतेम पाच महिने उरले असताना, यानातले काही ट्रान्झिस्टर अपेक्षेपेक्षा कमी माऱ्यातच बिघडू शकतात असं लक्षात आलं. ते बदलायचे तर यान उघडावं लागलं असतं. चार महिने रात्रंदिवस चाचण्या झाल्या. उपाय मिळाला तो यानाच्या ठरलेल्या कक्षेतच. यान युरोपाभोवती नाही, गुरूभोवती फिरणार. साधारण 21 दिवसांच्या फेरीत मारा एका दिवसाहूनही कमी, उरलेल्या दिवसांत ट्रान्झिस्टर बरेचसे सावरतात. गरज पडली तर त्यांना ऊब देऊन ही दुरुस्ती वाढवता येते.

असे 49 वेळा युरोपाजवळून जायचं आहे, सर्वांत जवळून 25 किमीवरून. रडार बर्फाच्या आत डोकावेल. यान 14 ऑक्टोबर 2024 ला निघालं, मार्च 2025 मध्ये मंगळाला वळसा घालून गेलं. डिसेंबर 2026 मध्ये पृथ्वीजवळून वेग घ्यायचा आणि एप्रिल 2030 मध्ये गुरूपाशी पोचायचं, असा बेत आहे.

तोवर युरोपा घरूनही दिसतो. 10×50 दुर्बीण (दहापट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगांची) तिपाईवर घट्ट बसवा. हातात धरली तर ठिपके थरथरतात आणि गुरूच्या झगमगाटात युरोपा हरवतो. गुरूच्या चार मोठ्या चंद्रांतला कुठला तो, हे स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या अ‍ॅपवर आधी बघून ठेवा. फेरी साडेतीन दिवसांची, त्यामुळे आज तो गुरूपासून सर्वांत लांब दिसला, तर दोन रात्रींनी पलीकडच्या बाजूला सापडेल.