पोर्शे ९२८ चं आतलं लेदर बदलताना

माझी पोर्शे ९२८ एस४ ही १९८८ ची. पुढे पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, आणि आत हात टेकवाल तिथे चामडं. या गाडीत स्टिअरिंग वर-खाली केलं की मीटरचं अख्खं घर, म्हणजे पॉड, त्याच्याबरोबर हलतं. मला ही रचना फार आवडते. पण उन्हाचा सगळा मारा याच पॉडवर असतो. माझ्या पॉडवरचं चामडं कडक होऊन काचेकडच्या कडेनं उचललं गेलं होतं. ड्रायव्हर सीटची दाराकडची उशी चढता-उतरता घासून फाटली होती. बाकीचं आतलं काम वयाच्या मानानं चांगलं होतं, म्हणून सरसकट सगळं उसवायचं नाही हे आधीच ठरवलं. मूळ चामडं आणि मूळ शिवण जितकी टिकवता येईल तितकी टिकवावी, या मताचा मी आहे.

तुकडेच बदलायचे म्हटलं की पहिला प्रश्न रंगाचा. सीटखाली दडलेल्या पट्टीवर कारखान्याचा मूळ रंग दिसतो, पण शेजारची जुनी पॅनल आता त्या रंगाची राहिलेली नसतात. मी ती आधी लेदर क्लीनर आणि मऊ ब्रशनं नीट धुतली. इतक्या वर्षांचा हाताचा तेलकटपणा निघाल्यावर छटा बरीच उजळली. नवं चामडं मी त्या उजळलेल्या छटेला जुळवून घेतलं.

सीटचं काम त्यामानानं सरळ. कव्हर फोमला धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या कापल्या, फाटलेल्या पॅनलची शिवण उसवली. ते पॅनल मात्र साचा म्हणून घेतलं नाही, कारण बसून बसून ते ताणलं गेलेलं होतं. शेजारच्या सीटची तीच बाजू कमी वापरलेली, म्हणून तिच्यावर मास्किंग टेप चिकटवून आकार उतरवला आणि उलटा करून वापरला. खालचा फोम बोटांनी चुरला जात होता. तेवढा भाग कापून दाट फोमचा तुकडा चिकटवला, आकार दिला, वर वॅडिंगचा, म्हणजे कापसासारख्या मऊ भरावाचा, पातळ थर घातला. हे टाळलं तर नवं चामडं त्याच खड्ड्यात बसून पुन्हा सुरकुततं. शिवताना जुन्या पॅनलच्या बाजूनं सुई जुन्याच भोकांतून नेली. जुन्या चामड्यात भोकांची दुसरी रांग पाडली की ते त्या रेषेवर फाटतं. मशीनचं चाक हातानं फिरवत एकेक टाका घ्यावा लागतो, पण त्याला पर्याय नाही.

खरा कस पॉडनं पाहिला. आधी बॅटरी सोडली, मग स्टिअरिंग उतरवलं. माझ्या गाडीत एअरबॅग नाही. ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी बॅटरी सोडल्यावर गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेला वेळ थांबल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू नये. पॉड टेबलावर घेऊन जुनं चामडं सोललं आणि परत त्याच्यावर ठेवून पाहिलं, तर ते कडेपासून जवळजवळ बोटभर तोकडं पडलं. उष्णतेनं ओलावा गेला की चामड्याचे तंतू आक्रसतात. म्हणून इथेही साचा थेट पॉडवरूनच घेतला: आधी प्लॅस्टिकची पातळ फिल्म, वर टेप, त्यावर शिवणीच्या रेषा, आणि दोन तुकडे पुन्हा नेमके जुळावेत म्हणून रेषेवर आडव्या खुणा. मग रेक्झिनचं कव्हर शिवून चढवून पाहिलं, कुठे ढिलं आणि कुठे तंग होतं ते साच्यावर उतरवलं आणि त्यानंतरच चामड्याला कात्री लावली.

सीटला १.२ मिमीच्या आसपासचं चामडं चालतं. पॉडच्या वळणांवर ते दुमडत नाही, म्हणून तिथे ०.९ मिमीपर्यंत पातळ केलेलं घेतलं. कातड्याचा पाठीचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा सैल आणि ताणला जाणारा. पॉडचे तुकडे पाठीतूनच काढले. जिथे कडा आत वळते तिथे रापीनं आणखी तासलं, नाहीतर कडेला जाड घडी दिसते. दोरा पॉलिस्टरचा वापरला, उन्हात तो नायलॉनपेक्षा जास्त टिकतो. जोड उघडून दोन्ही बाजू चिकटवल्या आणि शिवणीच्या दोन्ही अंगांना समांतर टीप घातली, मूळ कामात होती तशीच.

चिकटवण्याच्या बाबतीत काटकसर करू नये. साधा स्प्रे गोंद उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर मऊ पडतो आणि कडा पुन्हा सुटतात. उष्णता सोसणारा निओप्रीनचा, म्हणजे कृत्रिम रबराचा, काँटॅक्ट अॅडहेसिव्ह (दोन्ही पृष्ठभागांना लावायचा गोंद) घ्यावा, तोही जुन्या गोंदाचा शेवटचा थर खरवडून पृष्ठभाग स्वच्छ पुसल्यावर. दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबलो. आधी शिवणीची रेषा जागेवर बसवली आणि मग मधून कडांकडे, हीट गनची हलकी ऊब देत, चामडं तळहातानं दाबत गेलो. गन एका जागी धरू नये, चामडं तिथेच आक्रसतं.

पॉड परत बसवल्यावर शेवटचे स्क्रू आवळण्याआधी स्टिअरिंग अगदी वरपासून खालपर्यंत हलवून पाहिलं. नव्या चामड्याची जाडी कुठे घासत नव्हती, वायरीही अडकत नव्हत्या, पण डाव्या कडेची आतली घडी आणखी थोडी तासावी लागली. मधल्या कन्सोलच्या झाकणावर बारीक भेगा आहेत. चामडं अजून मऊ आहे, त्यामुळे ते बदललं नाही. भेगांत फिलर भरून जुळता रंग दिला आहे.