एक कोटी सदुसष्ट लाख रंग

भिंतीवर लावायच्या रंगीत एलईडी दिव्यांच्या पट्टीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सोळा मिलियन रंग’. मला हिशेबाची खोड आहे. लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या. गुणाकार केला, तर १,६७,७७,२१६ आले. म्हणजे खोकं खोटं बोलत नव्हतं, उलट थोडं विनयानेच बोलत होतं. आत मात्र जो रिमोट निघाला त्यावर रंगांची बटणं सोळा. मिलियन वाटेतच कुठेतरी गळाले होते. ते मोबाइलच्या ॲपमध्ये सापडले, आणि घरात आपोआप वाटणी झाली. रिमोट आईचा, ॲप लेकीचं. स्टूलावर चढायचं काम माझं.

पट्टी निवडताना रंगांपेक्षा आकडेच जास्त छळतात. मीटरला दिवे किती, ३० की ६०? १२ व्होल्टची की २४? मी मीटरला ६० दिव्यांची, १२ व्होल्टची, पाच मीटरची गुंडाळी आणली. कमी दिव्यांच्या पट्टीचे भिंतीवर ठिपके उमटतात, एवढं मला कळलं होतं. ती जेवते किती, हे कळलं नव्हतं. सगळे रंग पूर्ण लावले की अशी पट्टी मीटरला साधारण १४.४ वॉट घेते. पाच मीटरचे झाले ७२, म्हणजे १२ व्होल्टवर सहा अँपिअर. ड्रॉवरमध्ये कुठल्याशा जुन्या उपकरणाचा दोन अँपिअरचा अडॅप्टर पडून होता, तो मी मोठ्या काटकसरीने जोडला. लाल लागला. हिरवा लागला. पांढऱ्याचं बटण दाबलं आणि पट्टी उचकी लागल्यासारखी लुकलुकायला लागली.

पांढऱ्याशी आमचं भांडण तिथूनच सुरू झालं.

चिकटवण्याचं फार सांगत नाही. भिंत आधी पुसायची असते आणि मग पूर्ण सुकू द्यायची असते. मी पुसली होती, सुकू दिली नव्हती. तिसऱ्या रात्री पट्टीचा अर्धा भाग वेलीसारखा खाली लोंबत होता. कात्री लावायची ती फक्त तांब्याच्या ठिपक्यांमधल्या खुणेवर, म्हणजे दर तीन दिव्यांनी. कोपऱ्यात पट्टी आडवी मुडपायची नाही, तिथे कापून तारेने जोडायची. आणि पट्टी दिसता कामा नये. छताखाली आमच्या भिंतीला एक अरुंद लाकडी फळी आहे, तिच्यामागे मी ती दडवली. दिवा उघडा दिसला तर दुकान वाटतं. नुसता उजेड भिंतीवरून ओघळला तर खोली वाटते. हे माझं मत आहे आणि त्यावर मी वाद घालायला तयार आहे.

हाव सुटून दुसरी पाच मीटरची पट्टी पहिलीच्या शेपटाला जोडली, या वेळी अडॅप्टर ऐपतीचा आणून. तरी पांढरा लावला की सुरुवातीला पांढरा असणारा उजेड शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जाता जाता गुलाबी, तांबूस होत गेला. कारण मजेशीर आहे. लांब पट्टीत व्होल्टेज वाटेत थोडं थोडं पडत जातं. लाल दिव्याला साधारण दोन व्होल्ट पुरतात, निळ्या-हिरव्याला तीनेक लागतात. टंचाई आली की जास्त खाणारे आधी थकतात आणि लाल तेवढा टिकून राहतो. पांढरा म्हणजे तिघांची एकजूट. त्यातले दोघे मागे पडले की तो उरत नाही. दुसऱ्या टोकालाही वीज नेऊन जोडली, तेव्हा कुठे कोपरा शुद्धीवर आला.

या तिघांत निळा आला सर्वांत उशिरा. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याकने १९६२ मध्येच करून दाखवला होता. लखलखीत निळ्यासाठी मात्र १९९० च्या दशकापर्यंत थांबावं लागलं. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे तोवर यांना जांभळाही येत नव्हता?” जांभळा नाही, आणि पांढराही नाही.

आता सगळं जागेवर बसलं. संध्याकाळी मी खोलीतले बाकीचे दिवे मालवले आणि मोठ्या थाटात रंग फिरवत गेले. पोपटी, मोरपंखी, राणी, अबोली. आई खुर्चीत बसून बघत होती. सगळं बघून झाल्यावर म्हणाली, “छान आहे गं. पण यात वाचायचा पांढरा कुठाय?”

मी पांढरा लावला. भिंत पांढरी दिसत होती, वाद नव्हता. पण त्या उजेडात आम्ही तिघी नुकत्याच आजारातून उठल्यासारख्या दिसत होतो. या पांढऱ्यात लाल, हिरव्या, निळ्याचे तीन उंच सुळके असतात आणि मधल्या दऱ्या ओसाड. पिवळ्याच्या जागी तर जवळजवळ काहीच नाही. भिंतीचं त्यावर भागतं, पण कातडीला, लाकडाला, जुन्या पुस्तकाच्या पानाला सगळ्या रंगांचा सलग पट्टा लागतो. म्हणून तर काही पट्ट्यांत पांढऱ्याचा चौथा दिवा वेगळा देतात. तोही मुळात निळाच. वर पिवळसर लेप दिलेला, की झाला पांढरा. मी आणली ती नुसती लाल-हिरव्या-निळ्याची.

लेक तेवढ्यात ॲपमधल्या रंगचक्रावर बोट फिरवत होती. तिला भिंत कपाटाच्या रंगाची करायची होती, तपकिरी. अर्धा तास खटपट केली. नारिंगी येई, मंद नारिंगी येई, विझत आलेला नारिंगी येई. तपकिरी काही येईना. मग राखाडी करून पाहिला, तर तो नुसता मंद पांढरा. आम्हाला तेव्हा उमगलं, की तपकिरी उजेड असा नसतोच. तपकिरी म्हणजे शेजारी काहीतरी जास्त उजळ असताना दिसणारा काळपट नारिंगी. टीव्हीच्या पडद्यावर तो दिसतो, कारण तिथे शेजार असतो. अंधाऱ्या खोलीत पट्टीच सर्वांत उजळ, तिला शेजार कुठला? विटकरी, मातकट, राखाडी, काळा, घरातल्या निम्म्या वस्तूंचे रंग त्या एक कोटी सदुसष्ट लाखांत नाहीत. लेक या शोधावर इतकी खूश, की फसलेल्या रंगांची तिने वहीत यादी करून ठेवली आहे.

आणि आई? तिने वाचायला आपला जुना दिवा परत खुर्चीशी ओढला. पट्टी मात्र तिने सोडली नाही. रात्री दोनदा उठावं लागतं तेव्हा ती लाल लावते, अगदी मंद. मोठा दिवा लावला की डोळे दिपतात आणि नंतर अंथरुणापर्यंत चाचपडत यावं लागतं. लालचं तसं होत नाही, हे तिचं तिनेच शोधलं. अंधारात बघणाऱ्या डोळ्यातल्या पेशी लाल उजेडाला फारशी दाद देत नाहीत, हे मी नंतर वाचून तिला सांगितलं. “असेल,” म्हणाली.

परवा तिचा रिमोट हाती लागला. चालू, बंद आणि लाल सोडून उरलेल्या एकवीस बटणांवर तिने व्यवस्थित कापून पांढरी चिकटपट्टी लावली आहे.

“अगं, चुकून बोट पडतं,” ती म्हणाली, “आणि मग मध्यरात्री घर नाचायला लागतं.”