नाही, असंच

रविवार, रात्रीचे साडेदहा

पाय भरून आलेत, पण झोप उडालीय ती त्यामुळे नाही. "नाही, असंच." दुपारपासून माझेच हे दोन शब्द कानात वाजतायत.

घारापुरी समीरनं ठरवली. बेट खरं तर आमच्याच अंगाला, न्हाव्याच्या समोर. तरी आम्ही नेरुळहून हार्बर पकडून सीएसएमटीला गेलो, गेटवेला रांग लावली आणि लाँचमध्ये तासभर डुलत परत इकडेच आलो. "मग घरून सरळ का नाही आलो?" असं अन्वीनं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा समीरनं तिला वेफर्स दिले.

लेण्यात मी सदाशिवासमोर, तीन मुखांच्या त्या शिवासमोर, खांबाला टेकून बसले आणि वही काढली. कितव्या वर्षांनी, ते मोजत नाही. 6व्या शतकातलं काम, सुमारे 18 फुटांचं. डावीकडचा मिशीवाला अघोर, त्याच्या हातात साप. उजवीकडचा वामदेव इतका नाजूक की बाईच वाटावी, हातात कमळ. मधला डोळे मिटून. फोटोंत हे पाहिलेलं असतं, पण खालचा ओठ कसा जड आणि ओलसर दिसतो ते तिथं बसल्यावरच कळतं. सेल्फीवाले माझ्या पायांवरून जात होते. अर्धा तास मला कुणाचं काही वाटलं नाही.

उतरताना पायऱ्यांवरच्या एका दुकानाशी थांबले. अन्वीला दगडी हत्ती हवा होता, पोटात पिल्लू असलेला. (बेटाचा स्वतःचा हत्ती भायखळ्याला, राणीच्या बागेत. 1864 साली इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले आणि क्रेन मोडून त्याचे तुकडे झाले.) मी जरा जाणकाराच्या थाटातच विचारलं, "हे इथंच बनतं का?"

"हत्ती आग्र्याचे," मावशी म्हणाल्या. "बुद्धपण तिकडचेच. माळा माझ्या."

माळा माझ्या. मान वर न करता. हातात सुई होतीच. दोन पांढरे, एक लाल, दोन पांढरे, दोरा दाताखाली धरलेला. म्हणाल्या, 2018ला बेटावर लाइट आली तेव्हापासून रात्रीपण ओवायला बसते, आधी जनरेटर चालू असेल तेवढंच काम. मग माझ्या काखेतल्या वहीकडे बघून, "तुम्ही चित्रकार का हो ताई?"

आणि मी म्हणाले, "नाही, असंच."

एवढंच झालं. यात रात्री साडेदहाला वही घेऊन बसण्यासारखं काय आहे? त्यांनी काही प्रमाणपत्र मागितलं नव्हतं. पण 'नाही' किती पटकन आलं, जणू कुणी चोरी पकडली. ऑफिसात कुणी विचारलं, "अकाउंट्स तूच बघतेस ना?" तर छाती काढून हो म्हणते, आणि जीएसटीचं मला खरंच ओ की ठो कळत नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट, दोन्हीला ए ग्रेड. जेजेचा फॉर्म आणला होता. आप्पांनी तो... जाऊ दे, तो विषय आज नको.

लाँचवर समीरला सांगितलं, तर म्हणाला, "अगं, मग हो म्हणायचं ना, काय बिघडलं असतं?" त्याच्या बाजूनं बरोबरच आहे. मला आणखीच राग आला. पुढचा अर्धा तास मी जेएनपीए बंदराच्या क्रेन बघत बसले. अन्वी हत्तीच्या पोटातल्या पिल्लाला जाळीतून भेळेचे कुरमुरे भरवत होती.

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. 'असंच' कशाला जोडलं? अर्धा तास पाय बधिर होईपर्यंत फरशीवर बसले, ते असंच? तिथं एक शिलालेख होता म्हणे. कुणी कोरवून घेतलं ते त्यावरून कळलं असतं. पोर्तुगीजांनी तो उचलून पोर्तुगालला धाडला, नंतर पत्ताच नाही. कोरणाऱ्यांचं एक बरंय, त्यांना आता पायऱ्यांवर अडवून कुणी विचारायला येत नाही.

आत्ता वही उघडून बघितली.

ओठ जमलाय. अगदी तसाच जड. पण नाक! मधल्या मुखाचं नाक हुबेहूब आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींसारखं आलंय, मेंटेनन्स थकल्यावर ते बघतात त्या भावासकट. एकटीच खुदकन हसले, समीरनं कूस बदलली. हो म्हणाले असते आणि मावशींनी "बघू" म्हणून हात पुढे केला असता, तर?

माळ वहीवर ठेवलीय. दीडशे सांगितले, तेवढेच दिले. घासाघीस करायचं सुचलंच नाही. हत्तीचे मात्र शंभर कमी करून घेतले. तो आग्र्याचा.

नाक खोडायला घेतलंय. घरात एकच खोडरबर सापडलं, अन्वीच्या कंपासमधलं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं. कागदावर गुलाबी डाग पडतोय.