नंदीबैल उलटा फिरवला तर

कुंभकर्णाला धाप लागली होती.

१९८४ सालचा गणपती. आमच्या पेठेतल्या मंडळाचा देखावा होता कुंभकर्णाची झोपमोड. हलते देखावे तात्या, म्हणजे माझे धाकटे काका करायचे आणि मी त्यांचा पाने-पकडी हातात देणारा पोऱ्या. जुन्या बाजारातून गाडीची वायपर मोटर आणली होती. तिच्यावर चकती, चकतीच्या कडेजवळ भोक, भोकात सळई. सळई वर गेली की कामट्या आणि कापडाचं पोट वर जायचं. बटण दाबलं तर पोट मिनिटाला ४५ वेळा खालीवर. तात्या म्हणाले, "हा झोपलेला नाही, पर्वती चढून आलाय."

मग आजोबा दुपारचे घोरत असताना त्यांच्या उशाशी घड्याळ घेऊन आम्ही श्वास मोजले. भरले १४. मोटरवर लहान पुली, पुढे तिच्या तिप्पट मोठी, मध्ये शिलाई मशीनचा पट्टा. वेग १५ वर आला. तरीही पोट लोहाराच्या भात्यासारखंच दिसत होतं. कुठे चुकतंय ते तात्यांना रात्री अकराला कळलं. माणूस श्वास सोडतो आणि क्षणभर तसाच राहतो. गोल चकतीला तसं राहता येत नाही, ती सळईला सतत ढकलत किंवा ओढत असते.

त्यांनी चकती काढली आणि प्लायवूडचा कॅम कापला. कॅम म्हणजे मुद्दाम बेढब केलेलं चाक. त्याच्या कडेवर सळई नुसती टेकवायची. कडेचा गोल भाग खालून जातो तोवर सळई हलत नाही, फुगवटा आला की उचलली जाते, उतार आला की स्वतःच्या वजनाने खाली येते. थांबायचं किती ते करवतीने ठरवायचं. त्या रात्री कुंभकर्ण पहिल्यांदा झोपला.

पुढे ३१ वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. आता निवृत्तीनंतर हँडलवर चालणारी लाकडी ऑटोमॅटा, म्हणजे आतल्या यंत्राने हलणाऱ्या बाहुल्या, करतो. बायको त्यांना 'तुमची खेळणी' म्हणते आणि तेच बरोबर आहे. मोटर लावत नाही. त्याचं एक कारण लंडनला सापडलं. लेकीकडे गेलो होतो तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये टिपूचा वाघ पाहिला. गोऱ्या माणसाच्या उरावर बसलेला लाकडी वाघ, इंग्रजांनी १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणहून लुटून नेलेला. हँडल फिरवलं की त्या माणसाचा हात वर होतो, आतले भाते हवा सोडतात, माणूस विव्हळतो आणि वाघ गुरगुरतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या इमारतीत तो मांडला होता तेव्हा येणारे-जाणारे खुशाल हँडल फिरवायचे आणि शेजारी वाचत बसलेले लोक त्या आवाजाने वैतागायचे. आता तो काचेत आहे. माझे हात शिवशिवत राहिले.

तर नंदीबैल. लहानपणी दारात यायचा तो. गुबूगुबू वाजायचं, मालक विचारायचा, "औंदा पाऊस पडंल का?" आणि बैल मान हलवायचा. पण लगेच नाही! खरी गंमत त्या मधल्या वेळात होती. बैल तुमच्याकडे बघत राहायचा आणि आपणच चुळबुळायला लागायचो.

माझा बैल सागाचा, मानेला पितळी पिन, ओढायच्या सळया सायकलच्या स्पोकच्या. हँडलने फिरणाऱ्या एका शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, दोन कॅम. ३६० अंशांपैकी पहिल्या १२० मध्ये मालकाचा हात ढोलकं वाजवतो, पुढचे १५० काहीही नाही, शेवटच्या ९० मध्ये मान डुलते. मला वाटलं, जमलं. शेजाऱ्यांना दाखवलं तर प्रत्येक जण त्या १५० अंशांत हात काढून घेई आणि ओशाळून म्हणे, "अहो, काहीतरी अडकलं बहुतेक." आपल्या हातूनच मोडलं अशी भीती. थांबा कमी करायचं जिवावर आलं. शेवटी तिसरा छोटा कॅम घातला, थांब्याच्या मध्यावर शेपटीचं टोक फक्त जरासं हलतं. त्यानंतर एकानेही हँडल सोडलं नाही.

गेल्या पावसाळ्यात तो कोथरूडच्या एका हॉलमध्ये हस्तकलेच्या प्रदर्शनात ठेवला. आदल्या रात्री हवा इतकी दमट की लाकूड फुगून शाफ्ट भोकांत घट्ट बसला. कानस मारून, मेणबत्ती घासून सोडवला. (भोकांत पितळी बुश, म्हणजे आतून बसवायच्या नळ्या, आधीच का घातले नाहीत, हे टूलरूमवाल्याला विचारू नये.) दुपारी एका गृहस्थांनी हँडल उलटं फिरवलं. मानेचा कॅम मी गोगलगायीच्या आकाराचा केला होता, हळूहळू चढणारा आणि एकदम कडा असलेला, म्हणजे मान झटक्यात पडते. उलट फिरवलं की सळई त्या कड्यावर आदळते. आदळली, स्पोक वाकला आणि बैल आकाशाकडे बघत बसला. "हे तर लगेच बिघडतं," म्हणून गृहस्थ पुढे गेले.

'कृपया उजवीकडे फिरवा' ही पाटी कुणी वाचत नाही. घरी येऊन रॅचेट बसवलं, उलट फिरणं बंद. पण त्याची टकटक अख्खा थांबाभर ऐकू येते, त्या शांततेची पार माती झाली. काढून टाकलं. मग कॅमचा कडाच घासून उतरता केला. मान आता पूर्वीसारखी झोकात पडत नाही, याचं वाईट वाटतं, पण बैल दोन्ही बाजूंनी चालतो.

शेवटच्या दिवशी सातेक वर्षांच्या एका मुलीने उलटंच फिरवलं. आधी मान डुलली, मग शेपटी, मग ढोलकं. तिने पुन्हा एकदा फिरवून खात्री केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हा आधीच हो म्हणतो. मग हे काका विचारतात कशाला?"

आजीने तिला हाताला धरून पुढच्या टेबलाकडे नेलं. मी वाकून स्पोक सरळ आहे ना ते पाहून घेतलं.