माझा अनुभव: मुन्नार नको, मुझिरिस हवं होतं

नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, त्यात सोपारा आणि भडोच या बंदरांत धर्मशाळा बांधून दिल्याचा उल्लेख आहे. तो वाचल्यापासून पश्चिम किनाऱ्यावरची जुनी बंदरं माझ्या डोक्यात बसली होती. केरळला जायचं ठरलं तेव्हा ताईला आणि मला मुझिरिसच बघायचं होतं. रोमन जहाजं मिऱ्यांसाठी यायची ते हे बंदर, आजच्या कोडुंगल्लूर-पटणमच्या आसपासचं.

नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेस थेट एर्नाकुलमला जाते, त्यामुळे प्रवासाची काळजी नव्हती. अडलं ते शहरातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात, आणि तो राग अजून गेलेला नाही.

मी जागांची यादी लिहून दिली होती. हातात पडला तो मुन्नार, ठेक्कडी, अलेप्पीची हाउसबोट असा छापील कार्यक्रम. कोचीला अर्धा दिवस, तोही शुक्रवार! मट्टनचेरीचा डच पॅलेस शुक्रवारी बंद असतो आणि 1568 सालचं 'परदेशी सिनेगॉग' हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस. हे सांगितल्यावर तिथला मुलगा म्हणाला, "काका, बाहेरून फोटो काढता येतो की." पटणमचं नाव काढलं तर, "तिथे नुसती जमीन आहे, कोणी जात नाही." पटणमला 2007 पासून उत्खनन झालं, रोमन कुंभांचे तुकडे, लाकडी होडी, मिरी सापडली. जमीन बघायलाच तर जायचं होतं!

मग सुरू झालं हेलपाट्यांचं प्रकरण. दर वेळी नवा कागद मिळायचा, त्यात एक ओळ बदललेली आणि मुन्नार जागच्या जागी. शेवटी अ‍ॅडव्हान्स परत मागितला तर कॅन्सलेशन चार्ज पुढे आला. मात्र त्यांच्याच कागदावर वार छापलेले होते. बंद असलेली वास्तू 'दाखवू' असं तुम्हीच लिहून दिलंय, एवढंच मी ईमेलमध्ये लिहिलं, कागदाचा फोटो जोडला आणि उत्तर येईपर्यंत रोज फोन केला. पैसे पूर्ण परत आले. ताईने त्या दिवशी घरी श्रीखंड केलं!

म्हणून सांगतो, कार्यक्रम तारखेसोबत वार लिहूनच घ्या, तोंडी काही ठरवू नका. आणि पैसे देण्याआधी प्रत्येक ठिकाणाची सुट्टी विचारा. पटणमजवळच्या परवूर, चेंदमंगलमकडची बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. म्हणजे शुक्रवार, शनिवार, सोमवार वगळूनच आखणी करायची.

पुढचं सगळं आम्हीच ठरवलं. आधी कोडुंगल्लूर, मग कोची, हाच क्रम ठेवा. 1341 च्या पेरियारच्या पुरात मुझिरिसकडचं बंदर गाळाने भरलं आणि कोचीचं तोंड मोकळं झालं असं मानतात. या क्रमाने गेलं की पोर्तुगीज, मग 1663 मध्ये आलेले डच, असा व्यापार एका बंदरातून दुसऱ्या बंदरात सरकताना दिसतो. फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला 1524 मध्ये पुरलं होतं, पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. त्या थडग्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला वॉटर मेट्रोच्या बोटीने जा, रस्त्याची गर्दी टळते.

हो, एक राहिलंच. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधीच उघडतं, दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर पहिल्याच दिवशी बसा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या सावकाश धावतात. तेव्हा एर्नाकुलमला उतरल्यावर लगेच पुढची गाडी धरायची असं काही ठेवू नका.