मलावीतली तिबार पेरणी

दुबार पेरणी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इथे आफ्रिकेतल्या मलावी देशात आमच्या रखवालदाराच्या बायकोने यंदा तिसऱ्यांदा मका पेरला. तिचं शेत पाहून आल्यापासून मला चैन नाही.

शेत फालोंबे जिल्ह्यात, मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी, एकरभरही नाही. बैल नाहीत. सगळे वरंबे बाईने एकटीने कुदळीने ओढलेत. कुदळीने माती उकरायची, दाणा टाकायचा, पायाने माती लोटायची, पुढे सरकायचं. मार्च 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने याच डोंगरावरून दगड-चिखल गावांत आणला. पुढच्याच हंगामात एल निनोने पाऊस पळवला आणि मार्च 2024 मध्ये 28 पैकी 23 जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली. एक वर्ष वाहून गेलं, दुसरं करपलं. बियाणं उरणार कुठून?

मला सगळ्यात जास्त छळते ती इथली रोजंदारी, गान्यू. घरातला मका डिसेंबर-जानेवारीत संपतो आणि नेमकी तेव्हाच स्वतःच्या पिकाला खुरपणी हवी असते. पण संध्याकाळी पोरांच्या पुढ्यात न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, पडायला हवा. म्हणून ही दिवसभर लोकांचं तण काढते, आणि तिच्या शेतातलं तण माजतं. एप्रिलमध्ये उतारा कमी, म्हणून पुढच्या वर्षी मका आणखी लवकर संपतो. पाऊस हुकला की मोठे शेतकरीही हात आखडतात, मग गान्यूसुद्धा मिळत नाही.

1972 च्या दुष्काळातून आपल्याकडे रोजगार हमी उभी राहिली. ती कितीही रडतखडत चालो, मला तिचा अभिमान आहे आणि इथे मी तो बोलून दाखवतो. हवामान बिघडवलं पाश्चात्त्यांनी, हेही आपण हक्काने म्हणतो. पण मलावीतला माणूस सरासरी आपल्याहूनही कितीतरी कमी धूर सोडतो, त्यामुळे त्या बाईसमोर माझा आवाज तेवढा चढत नाही. आमचा जनरेटर डिझेलवर चालतो हे खरं, पण वीज तासन्‌तास जाते, काम तर थांबवता येत नाही.

बियाण्यासाठी मी रखवालदाराला आगाऊ पगार दिला. सवय लावू नकोस, असं इथल्याच एका मराठी स्नेह्याने बजावलं. आमच्या घराला पेरणीच्या वेळी कृषी केंद्रवाला उधार द्यायचा, म्हणून आम्ही तरलो. हिला उधार देणारं दुकानच नाही. खुरपणीच्या दिवसांत तिला दुसऱ्याच्या बांधावर जावं लागू नये, एवढा मका मी घेऊन देणार आहे.